आमच्या चुंबकत्व गटाचं वर्ष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.चे निकाल लागले की फोन सुरू होतात. मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, कधी गावाकडच्या कॉलेजातले जुने सहकारी विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून यंदा निवांत बसून लिहिलं. आमचा गट मराठवाड्यातल्या एका राज्य विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात आहे. सहा संशोधक विद्यार्थी, प्रकल्पासाठी येणारी एम.एस्सी.ची चार-पाच मुलं आणि मी, एवढाच पसारा.

चुंबकत्व तर शाळेतच शिकलो. त्यात संशोधन करण्यासारखं काही उरलंय का?

शाळेत आपण चुंबकाचे गुण शिकतो. लोखंड चुंबक का होतं आणि तांबं का होत नाही, हे शाळेत येत नाही, कारण ते जुन्या भौतिकशास्त्राने सांगताच येत नाही. नील्स बोर यांनी १९११च्या आपल्या प्रबंधात आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे हेंद्रिका व्हान लेउवेन यांनी लायडनमधल्या १९१९च्या प्रबंधात दाखवून दिलं, की न्यूटनचे नियम आणि जुनी सांख्यिकी एवढ्यावरच जग चाललं असतं, तर उष्णतेच्या समतोलात कुठल्याही पदार्थाला चुंबकत्व आलंच नसतं. फ्रिजच्या दारावरचा चुंबक हा पुंजभौतिकीचा घरातला पुरावा आहे. हे दोन्ही निष्कर्ष पीएच.डी.च्या प्रबंधांतले आहेत, हे मी नव्या मुलांना मुद्दाम सांगतो.

आणि विषय संपलेला नाही. मँगनीज टेलुराइड हा पदार्थ कित्येक दशकं साधा अँटिफेरोमॅग्नेट, म्हणजे आतली चुंबकं उलटसुलट लागून एकमेकांना खोडणारा पदार्थ, म्हणून पुस्तकांत होता. २०२२मध्ये माइन्झ आणि प्राग इथल्या सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांनी 'आल्टरमॅग्नेट' ही वेगळी जात मांडली आणि २०२४मध्ये याच मँगनीज टेलुराइडमध्ये तिचे प्रायोगिक पुरावे मिळाले. एकूण चुंबकन (पदार्थाचं निव्वळ चुंबकत्व) शून्य, तरी इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या स्पिननुसार, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगच्या चुंबकाच्या दिशेनुसार, फुटलेल्या. आमच्याकडे हे मोजायची साधनं नाहीत. पण यंदा दर शनिवारी सकाळी आम्ही त्यावरचे लेख एकत्र वाचले. वर्षभरातले ते माझे सगळ्यात आवडते तास.

या वर्षी मुख्य काम कशावर झालं?

कोबाल्ट फेराइटमध्ये जस्त मिसळल्यावर ते जस्त नेमकं कुठे जाऊन बसतं, यावर. फेराइट म्हणजे लोखंड आणि दुसरा धातू यांचं चुंबकी ऑक्साइड.

आधी गंमत सांगतो. जस्ताच्या आयनाला स्वतःचं चुंबकत्व नाही. तरी ते कोबाल्ट फेराइटमध्ये घातलं की पदार्थाचं चुंबकन वाढतं. दुधात पाणी घालावं आणि दूध दाट व्हावं, तसं हे वाटतं. याचा उलगडा लुई नेएल यांच्या १९४८च्या सिद्धांतात आहे. फेराइटच्या स्फटिकात आयनांना बसायला दोन प्रकारच्या जागा असतात. त्यांना आपण 'अ' आणि 'ब' म्हणू. 'अ' जागांवरची चुंबकं एका दिशेला, 'ब' जागांवरची उलट दिशेला. आपल्या हाती येते ती दोघांची वजाबाकी.

हिशेब बोटांवर करता येतो. आयनाचं चुंबकत्व बोर मॅग्नेटॉन या एककात मोजतात. लोखंडाच्या आयनाचे ५, कोबाल्टचे ३. कोबाल्ट फेराइटच्या एका रेणुसूत्रात एक लोखंड 'अ' जागी, म्हणजे ५. दुसरं लोखंड आणि कोबाल्ट 'ब' जागी, म्हणजे ८. फरक ३. आता ०.४ भाग कोबाल्ट काढून तेवढं जस्त घातलं. जस्ताला 'अ' जागा आवडते. ते तिथल्या लोखंडाला उठवतं आणि ते लोखंड 'ब'कडे जातं. 'अ' जागी उरले ३, 'ब' जागी झाले ८.८. फरक ५.८. विरोधी पक्षाचं बळ कमी झालं, म्हणून एकूण वाढलं. पण जस्त वाढवतच गेलात, तर 'अ' इतका दुबळा होतो की 'ब' जागांवरच्या चुंबकांना एका रांगेत धरून ठेवायला कोणी उरत नाही. ती आपसांत तिरकी होतात आणि चुंबकन उतरतं. हे तिरकेपण याफेट आणि किटेल यांनी १९५२मध्ये मांडलं.

इथपर्यंत सगळं जुनं. अडचण अशी, की आम्ही पूड करतो ती नॅनो आकाराची, आणि एवढ्या बारीक कणांत जस्त हा शिष्टाचार पाळत नाही. काही जस्त 'ब' जागीही शिरतं. मग वरचा हिशेब चुकतो. किती शिरतं, भट्टीचं तापमान वाढवत नेलं की ते परत आपल्या जागी येतं का, हा आमचा वर्षभराचा प्रश्न होता. जगाला हादरवणारा नाही, पण खरा आहे, आणि त्याचं उत्तर मिळवताना विद्यार्थी सगळी हत्यारं चालवायला शिकतो.

पूड करायची पद्धत बघायला छान आहे. धातूंची नायट्रेटं आणि सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवायचं, अमोनिया थेंब थेंब घालून पीएच ७वर आणायचा, हॉट प्लेटवर ८०-९० अंशांना ढवळत ठेवायचं. दोन-तीन तासांत पाकासारखं जेल होतं. तापमान वाढवलं की त्याला आतूनच ठिणगी लागते आणि बघता बघता सगळं जळून काळसर-तपकिरी, हलकी, फुललेली राख उरते. सायट्रिक आम्ल इंधन, नायट्रेट ऑक्सिजन पुरवणारं. हे धुराड्याखालीच करायचं, तो धूर छातीला वाईट. मग अगेटच्या खलात घोटायचं आणि भट्टीत भाजायचं. घोटण्याचं काम प्रत्येकाने स्वतः करायचं, दुसऱ्याकडून करून घ्यायचं नाही, हा गटाचा जुना नियम.

हे सगळं तुमच्याच प्रयोगशाळेत मोजता येतं का?

नाही. क्ष-किरण विवर्तन विभागातच होतं. पण लोखंड, कोबाल्ट आणि जस्त यांचे अणुक्रमांक २६, २७ आणि ३०. क्ष-किरणांना हे तिघे जवळजवळ सारखेच दिसतात, चुलतभावंडांसारखे. न्यूट्रॉनचं तसं नाही. न्यूट्रॉनसाठी लोखंडाची विकिरण-लांबी (केंद्रक न्यूट्रॉनला किती जोराने विखुरतं त्याचं माप) ९.४५ फेम्टोमीटर, जस्ताची ५.६८ आणि कोबाल्टची फक्त २.४९. कोण कुठे बसलंय ते लगेच कळतं, शिवाय न्यूट्रॉनला स्वतःचं चुंबकत्व असल्यामुळे आयनांच्या चुंबकांची दिशाही कळते. त्यासाठी ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीकडे जावं लागतं. कमी तापमानातल्या मोजमापांसाठी आणि मॉसबाउअरसाठी (गॅमा किरणांनी लोखंडाच्या आयनांची अवस्था पाहायची पद्धत) इंदूरच्या यूजीसी-डीएई केंद्राकडे. प्रस्ताव लिहायचा, तो मान्य व्हायची वाट पाहायची, तारीख मिळाली की सॅम्पलच्या कुप्या कापसात गुंडाळून रात्रीची बस पकडायची.

या प्रवासांबद्दल पालक काळजीने विचारतात. मला विचाराल तर विद्यार्थी पहिल्यांदा मोठा होतो तो इथेच. मिळालेल्या दोन-तीन दिवसांत काय आधी मोजायचं, काय सोडायचं, हे त्याला एकट्याने ठरवावं लागतं. पहाटे तीनला फोन लावून विचारलं तर मी उचलतो. यंदा एकाही मुलाचा तसा फोन आला नाही.

वर्षातलं सर्वांत मोठं अपयश कोणतं?

चिमट्याचं. सविस्तर सांगतो, कारण यातून जेवढं शिकलो तेवढं कशातूनच नाही.

डिसेंबरमध्ये एका विद्यार्थिनीने झिंक ऑक्साइडच्या पुडीवर मोजमाप केलं. शुद्ध झिंक ऑक्साइड प्रतिचुंबकी, क्षेत्राला किंचित विरोध करणारं, म्हणजे आलेखातली रेषा उतरती यायला हवी. तिला तीत एक बारीकसा हिस्टेरिसिस लूप दिसला, म्हणजे क्षेत्र वाढवताना आणि कमी करताना आलेख वेगळ्या वाटेने गेल्यामुळे पडणारा फास. ती खऱ्या चुंबकाची खूण. दोष आणि रिक्त जागांमुळे ऑक्साइडांत चुंबकत्व येतं, असे दावे भरपूर छापलेले आहेत. आम्हाला आनंद झाला, लेखाचा मसुदाही झाला. मी स्वतः त्यावर दोनदा हात फिरवला. मग तिनेच विचारलं, "सर, कॅप्सूल भरताना मी स्टीलचा चिमटा वापरला होता. प्लास्टिकचा घेऊन परत करू का?" परत केलं. लूप गेला.

असं होणारे आम्ही पहिले नव्हे. २००४मध्ये डब्लिनहून हाफनियम ऑक्साइडच्या पातळ थरांत चुंबकत्व सापडल्याचं जाहीर झालं आणि जगभर खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या संशोधकांनी असे थर स्वतः करून मोजले. स्वच्छ थरांत त्यांना चुंबकत्व दिसलं नाही, पण स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने हाताळलेल्या थरांत तशाच जातीचा सिग्नल मिळाला. ही गोष्ट मला माहीत होती. वर्गात मी ती दरवर्षी सांगतो. तरी माझ्या प्रयोगशाळेच्या टेबलावर स्टीलचा चिमटा पडून होता आणि मसुदा वाचताना मला तो आठवला नाही.

आकड्यांत पाहा. लोखंडाचं संपृक्त (जास्तीत जास्त) चुंबकन ग्रॅमला सुमारे २१८ ईएमयू. ईएमयू हे चुंबकत्वाचं एकक. म्हणजे मायक्रोग्रॅमच्या एक-दोन दशांशांएवढी लोखंडाची धूळ कॅप्सूलला लागली, तरी एका ईएमयूच्या काही लाखांशांएवढा सिग्नल तयार होतो, आणि तेवढा आमचं यंत्र सहज पकडतं. डोळ्याला ती धूळ दिसणार नाही.

मसुदा मागे ठेवला. चार महिन्यांचं काम गेलं. पण तिने तो प्रश्न गप्प राहून गिळला नाही, याचा मला वर्षभर अभिमान वाटला.

विद्यार्थ्यांनी या वर्षी काय मिळवलं?

एकीने प्रबंध सादर केला. एक मुलगा नेट-जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची परीक्षा) झाला, तिसऱ्या प्रयत्नात. एकाला डिसेंबरच्या अणुऊर्जा विभागाच्या सॉलिड स्टेट फिजिक्स सिम्पोझियममध्ये पोस्टर मांडायला मिळालं. विभागाच्या अहवालात एवढंच जातं. माझ्या वहीत आणखी काही आहे.

इंदूरहून आणलेल्या डेटात एका मुलाला विचित्र गोष्ट दिसली: मऊ, म्हणजे चुंबकत्व सहज उलटणाऱ्या, निकेल-झिंक फेराइटचा लूप उलटा ओलांडलेला. कोअर्सिव्हिटी (चुंबकन शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र) ऋण! एखादा तो भाग गुळगुळीत करून पुढे गेला असता. हा अडून बसला. शोधता शोधता त्याला कळलं, की अतिवाहक चुंबकातला प्रवाह शून्यावर आणला तरी तारांत थोडं क्षेत्र अडकून राहतं, आणि यंत्र ते मोजत नाही, शून्यच लिहितं. पुढच्या खेपेला त्याने पॅलेडियमचा तुकडा सोबत नेला. पॅलेडियम परचुंबकी, म्हणजे क्षेत्र असेल तेवढ्यापुरतं चुंबकी, त्याची रेषा शून्यातूनच जायला हवी. ती जिथे नव्हती, तेवढी चूक. वीसेक अर्स्टेड (चुंबकीय क्षेत्राचं एकक) निघाली. कोबाल्ट फेराइटला एवढ्याने काही फरक पडत नाही, पण निकेल-झिंकसारख्या मऊ पदार्थात सगळा निष्कर्षच बदलतो. आता गटातलं प्रत्येक जण पॅलेडियम घेऊन जातं.

आपण मोजलेल्या आकड्यातलं सॅम्पलचं किती, यंत्राचं किती आणि आपल्या हाताचं किती, हे विद्यार्थ्याला वेगळं करता आलं, की तो तयार झाला असं मी धरतो. पदवी त्यानंतर येते.

किती पेपर झाले?

तीन. कुठल्या मासिकात आणि किती गुणांकाच्या (इम्पॅक्ट फॅक्टरच्या), हे विचारण्याआधी त्यांतलं एक तरी वाचा, एवढी विनंती. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या मासिकांकडे आम्ही जात नाही. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनी प्रबंधापूर्वी पेपर छापण्याची सक्ती काढली, हे मला योग्य वाटतं. सक्तीपोटी छापलेल्या लेखांनी आपल्याकडच्या फेराइटच्या कामाचं नुकसानच केलंय.

पीएच.डी.ला किती वर्षं लागतात? घरखर्चाचं काय?

नियमाने कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं. मुदतवाढ आणि महिलांसाठीची सवलत वेगळी. आमच्याकडे साधारण पाच लागतात. जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफचे (वरिष्ठ अधिछात्रवृत्तीचे) ४२,०००, घरभाडं वेगळं. बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या अधिछात्रवृत्त्यांवरही आमच्याकडची मुलं शिकली आहेत. पैसे वेळेवर येतातच असं नाही. पहिले सहा महिने घरून आधार लागेल हे धरून चला. शेतकरी घरातल्या मुलाला हे सांगताना जड जातं, पण आधी सांगितलेलं बरं.

रसायनशास्त्रातून एम.एस्सी. केलंय. चालेल?

चालेल. जेल बिघडलं की आम्ही तुमच्याकडेच येणार.

यंत्रं कमी असताना खरं संशोधन होतं का?

१९२८च्या अखेरीस भौतिकशास्त्रज्ञ के. एस. कृष्णन ढाका विद्यापीठात रीडर म्हणून गेले. विभागप्रमुख होते सत्येंद्रनाथ बोस. तिथे कृष्णन यांनी विद्यार्थ्यांना घेऊन स्फटिकांची चुंबकीय असमदिकता मोजायला घेतली, म्हणजे वेगवेगळ्या दिशांनी स्फटिक किती वेगळा वागतो ते. बारीक क्वार्ट्‌झच्या तंतूला स्फटिक टांगायचा, चुंबकीय क्षेत्रात सोडायचा, वरून तंतूला पीळ देत जायचं. एका ठरावीक कोनाला स्फटिक एकदम गर्रकन फिरतो. त्या कोनावरून सगळं गणित सुटतं. बी. सी. गुहा आणि एस. बॅनर्जी या सहकाऱ्यांसोबतचं हे काम १९३३मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापलं, आणि स्फटिकात रेणू कसे कलून बसलेत हे त्यातून कळू लागलं. एक तंतू, एक चुंबक आणि अफाट संयम. आमच्याकडे त्याहून बरंच जास्त आहे.

मुलीला या क्षेत्रात पाठवावं का?

आमच्या सहांपैकी चौघी मुली आहेत. मारी क्युरी यांचं पहिलं संशोधन किरणोत्सर्गावर नव्हतं, पोलादाच्या चुंबकीय गुणांवर होतं. त्यासाठी जागा शोधताना १८९४मध्ये पिएर यांची भेट झाली. रात्री भट्टी चालू असेल तर प्रयोगशाळेत दोघं तरी हवेत, हा नियम मुलामुलींना सारखाच आहे.

पुढे नोकरी मिळते का?

प्राध्यापकाच्या जागा कमी निघतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दुसरीकडे दार उघडतंय. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरीत निओडिमियम-लोह-बोरॉनचे चुंबक असतात. त्यांना उष्णतेत टिकवायला डिस्प्रोशियम किंवा टर्बियम लागतं. एप्रिल २०२५मध्ये चीनने या दोन्हींसह सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं आणि आपल्याकडच्या वाहन कारखान्यांना चुंबकांची चिंता लागली. चुंबक करू शकणारी, तपासू शकणारी आणि तो गरम झाल्यावर का मरतो हे सांगू शकणारी माणसं आता हवी आहेत. यंदा एका माजी विद्यार्थ्याला मोटरीच्या कंपनीत चुंबकांच्या तपासणीचं काम मिळालं. मुलाखतीत त्याला लूप काढून समजावायला सांगितलं होतं.

मराठी माध्यमातून शिकलोय. अडेल का?

पहिलं वर्ष अडेल, मग नाही. प्रबंध इंग्रजीत लिहावा लागतो. चर्चा मात्र आम्ही मराठीत करतो. 'अ' आणि 'ब' जागांचं भांडण मराठीत जसं समजतं, तसं मला स्वतःला इंग्रजीत कधी समजलं नव्हतं. पहिला मसुदा मराठीत आणून दिला तरी मी वाचतो.

शाळेतल्या मुलांना प्रयोगशाळा दाखवता का?

हो, २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी. सगळ्यात जास्त गर्दी होते गॅडोलिनियमच्या तुकड्यापाशी. हा धातू साधारण २० अंशांपर्यंतच लोखंडासारखा चुंबकी असतो. बर्फाच्या पाण्यातून काढला की चुंबकाला पटकन चिकटतो, आणि गरम पाण्यात धरला की सुटून पडतो. लोखंडाच्या बाबतीत हे व्हायला ७७० अंश लागतात. यंदा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "मग उन्हाळ्यात आपल्या गावात हा चुंबकाला चिकटतच नसेल?" उत्तर माझ्या विद्यार्थ्यांनी दिलं नाही. तिलाच मे महिन्यात परत बोलावलं. ती आली, वडिलांना घेऊन. दुपारी बेचाळीस अंशांत तिने तुकडा साध्या चुंबकाजवळ नेला आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

निवड झाली तर पहिल्या दिवशी काय करावं लागतं?

काहीही न मोजणं. रिकामी जिलेटिनची कॅप्सूल यंत्रात लावायची आणि तिचा आलेख काढायचा. मग निकेलचा प्रमाणित गोळा लावून यंत्र ग्रॅमला ५५ ईएमयूच्या आसपास दाखवतंय का ते पाहायचं. मग परत रिकामी कॅप्सूल. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, चार दिवस. दिवसभरात रेषा किती हलते ते वहीत लिहायचं, तारीख, वेळ आणि खोलीचं तापमान टाकून. कित्येक मुलं दुसऱ्या दिवशी कंटाळतात. यंदा आलेल्या मुलीने चौथ्या दिवशी वहीत लिहिलं होतं, "दुपारी साडेबारानंतर रेषा वर सरकते. पलीकडच्या खोलीतलं एसी तेव्हाच सुरू होतं." तिला पाचव्या दिवशी पहिलं खरं सॅम्पल दिलं.